आईने उसवलेल्या ओळी

४ जून

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पाय प्लास्टरमधून सुटला का, ते आधी कळव. इकडे आई तशीच आहे. अर्धांगाच्या झटक्यात उजवी बाजू गेली ती गेलीच, बोलणंही गेलं. डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात. तिला काही समजतं का, असं डॉक्टरांना विचारलं, तर सांगता येत नाही म्हणाले. मावशी, मला तेवढंच हवं आहे गं. बरी नाही झाली तरी चालेल, पण ती आत आहे एवढं कळू दे.

तिची अर्धी राहिलेली क्रोशाची शाल पुरी करायचं मनात आहे. म्हणून आधी वेगळ्या लोकरीवर हात बसवते आहे. तू पत्रातून शिकवलेली साखळी जमली. पण तिच्यावर खांबाचे टाके घालायला घेतले की विणकाम दर ओळीला अरुंद होतं. पट्टी म्हणून सुरू केलं, त्याची टोपी झाली. आणखी एक गंमत. ते आईजवळ ठेवून मी कामावर जाते आणि येऊन बघते तर उसवलेलं, लोकर पांघरुणभर. दिवसा बसायला येणाऱ्या बाई म्हणतात, बोटांना नुसता चाळा लागला असेल.

तुझा लोभ आहेच, तो पाय बरा झाल्यावरही राहू दे.
तुझी भाची

११ जून

चि. घाईबाईस,
अ. उ. आ.

प्लास्टर सुटलं आणि काठी हातात आली. प्रवासाचं नाव काढलं की घरचे डोळे वटारतात, नाहीतर एव्हाना ताईच्या उशाशी असते.

तुझी चूक मला न बघता कळली. ओळ संपत आली की तुला पुढची दिसायला लागते. कडेचा शेवटचा खांब जरा लपून बसतो, तो तू घालतच नाहीस. लहानपणी मीही हेच करायचे. ताई रागवायची नाही, बोलायची नाही. मी पाणी प्यायला उठले की गुपचूप उसवून ठेवायची, अगदी चुकलेल्या ओळीपर्यंत. नीट ओळीला कधी हात लावला नाही तिने. मला तेव्हा तिचा इतका राग यायचा!

तेव्हा एक कर. एक ओळ नीट घाल, तिच्यावर एक चुकीची. ताई कुठे थांबते ते बघ.

दोघींना माझी माया. पत्राला उशीर करू नकोस.
मावशी

१९ जून

ती. मावशीस,
शि. सा. न.

थांबली. चुकलेली ओळ उसवली आणि नीट ओळीपाशी हात थांबला. मला खरं वाटेना, म्हणून पुन्हा तसंच करून समोर बसले. ती कडेवरून बोट फिरवते, गाळलेल्या जागी थबकते, मग धागा ओढते. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.

डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, पण दुसरा झटका केव्हाही येईल, आशा धरू नका. मी धरली आहे. आता रोज मुद्दाम चुकते. जन्मभर न ठरवता चुकले, ठरवून चुकायचं तर डोकं चालवावं लागतं.

इकडची काळजी थोडी कमी कर, लोभ तेवढा कमी करू नकोस.
तुझी घाईबाई

२५ जून

चि. घाईबाईस,
अ. उ. आ.

चुकत राहा. असं सांगणारी मास्तरीण जगात मीच पहिली असेन. शाल राहिली तर राहू दे. ताईला सांग, माझी कड अजून वाकडीच येते, उसवायला कोणी नाही.

माझा जीव तिथेच आहे.
मावशी

५ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न.

आईचा श्वास चालू आहे, एवढंच. परवा नेहमीसारखी चुकलेली ओळ तिच्या हाताखाली ठेवली. तिने उसवली नाही. मला वाटलं, चूक फार लहान झाली. मग लांबूनही दिसावं इतके खांब गाळले. धाग्याचं टोक तिच्या बोटांत दिलं. तुझा निरोप सांगितला. बोटं होती तशीच राहिली. डॉक्टर म्हणाले, रात्री झोपेत झटका येऊन गेला असावा, आता काही दिवसांचाच प्रश्न.

ती ओळ शेवटी मीच उसवली आणि पुन्हा घातली, कडेच्या खांबासकट. कड सरळ आली. मग आईची शाल हातात घेतली, तिचीही सरळ येते आहे. शाल आता लवकर होईल मावशी, मध्ये कोणी उसवत नाही.

लोभ कर, आता तिच्या वाटचाही तूच करायचा आहेस.
तुझी भाची