हवालदाराचा पहारा

१७ मे, रविवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. सवड नव्हती म्हणून उत्तर राहिलं असं लिहिणार होते, पण सवड आहे. सध्या सवडच सवड आहे.

बाबा बरे आहेत. गुडघे त्यांचं ऐकत नाहीत आणि ते माझं, तेव्हा घरातली शिस्त पूर्वीसारखीच. तुझा सिनेमा रोज दुपारी फोनवर लावतात. कोल्हा दिसला की अजून ओरडतात, "हवालदार, धर त्याला!" आणि जेवायला घरी आलेला खरा हवालदार कॉटखालून उठून शेपूट हलवतो. आपल्या कुत्र्याला तुम्ही पडद्यावर भलतंच नाव दिलंत, ते दोघांनाही मान्य नाही.

सिनेमा सगळ्यांना आवडला रे. थिएटरात पोरं शिट्ट्या मारत होती. एक कुत्रा वाळूतली अंडी राखतो आणि संपत आलेले सुरय पक्षी वाचतात, एवढ्याशा गोष्टीला माणसं रडली. मीही रडले. बाबांची आणि आता माझी ही राखणदाराची नोकरी एवढी देखणी आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

मग लोक यायला लागले. हे तुला कळवायचं राहिलं. शाळांना सुट्टी लागली तशी किनाऱ्यावर गाड्यांची रांग. पोरांना पक्षी बघायचे, हवालदारासोबत फोटो काढायचे. आणि ज्याने त्याने आपापला कुत्रा आणलेला. ओरडून ओरडून माझा घसा बसला. एक बाई म्हणाल्या, "अहो, तो काही करत नाही, सिनेमा बघितलाय त्याने!" तेव्हा मला हसू आलं होतं.

हवालदार काय करत होता, हे तू विचारशील. तेच लिहायचं टाळतेय. बाबांनी त्याला कोल्हा ओळखायला शिकवलं, कावळा शिकवला, अंडी चोरायला येणारा माणूस शिकवला. कुत्रा कुणी शिकवलाच नाही. आपल्या वाळूवर कुत्रा कधी यायचाच नाही. एके दिवशी अंड्यांभोवती बांधलेल्या दोरीच्या आत दहा-बारा कुत्री घुसली आणि हवालदार त्यांच्याबरोबर खेळला. जन्मभर एकट्याने वाढलेलं जनावर ते, त्याला केवढा आनंद झाला होता! मी हाक मारली तसा धापा टाकत आला. त्याच्या पंजांना बलक लागला होता.

दोन दिवस पक्षी वर घिरट्या घालत ओरडत राहिले. तिसऱ्या सकाळी उठले तर आवाजच नाही. वनखात्याचे साहेब म्हणतात, येतील पुढच्या वर्षी. साहेबांची बदली झाली आहे, त्यांचं बोलायला काय जातं? मला नाही वाटत येतील. मुळात उरले होते किती?

तुझ्यावर राग नाही असं इथे लिहिलं होतं, ते खोडलं. राग आहे. तू चांगल्या मनाने केलंस, म्हणून तो काढावा कुठे ते कळत नाही.

दुसऱ्या सिनेमासाठी सगळं युनिट घेऊन येतोस म्हणतोस. बाबांना भेटायला जरूर ये, कॅमेरा आणू नकोस. इथे वाळू आहे, दोरी आहे आणि दोरीभोवती फेऱ्या मारणारा हवालदार आहे. एखादा कावळा उतरला की अजून जिवाच्या आकांताने धावतो. आत काही नाही हे त्याला कोण समजावणार?

बाबांना सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी विचारतात, "पिल्लं किती निघाली गं?" मी सांगते. कालपासून ती उडायलाही लागली आहेत. तुला फोनवर विचारलं तर तूही हेच सांग. गोष्ट रचणं तुला माझ्यापेक्षा बरं जमतं.

एकच विचारायचं होतं. तुझ्या सिनेमाच्या शेवटी जे पिल्लू उडतं, ते आपल्याच वाळूतलं आहे ना रे? की तेही कॉम्प्युटरवर केलंत? मीही आता रोज तेवढंच बघते. खरं असेल तर दोन ओळी पाठव. नसेल तर उत्तर नको.

तुझी,
ताई