चार दारांची गाडी (पैकी तीन चालू)

तीर्थरूप थोरल्या ताईंना,

कृतानेक नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. (हे वाक्य सवयीने लिहून गेलं. खोडणार होतो, पण खोडाखोड केलेलं पत्र तुम्ही न वाचता परत पाठवता असा अनुभव आहे, म्हणून राहू देतो. तसं बऱ्यापैकी क्षेमच आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलंय आणि तुम्ही त्यांनाच चार गोष्टी ऐकवून परत पाठवलंत, असं तुमच्या लेकीकडून कळलं. तुमची धाकटी बहीण, म्हणजे आमची ही, गेल्यापासून तुम्ही गाडीवर कापड टाकून ठेवलंय आणि किल्ली कपाटात बंद केलीय, हेही तीच म्हणाली. अर्ध्या गावाला गाडी शिकवलेल्या बाईने असं करावं याचं तिला नवल वाटतं. मला वाटलं नाही. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, मी स्वतः तरी कुठे शहाणा आहे.

पत्राचं कारण एवढंच की, एक जुनी चार दारांची गाडी विकत घ्यावी की घेऊ नये याबद्दल तुमचा सल्ला हवा आहे. हे वाचून तुम्ही हसाल. हसा. मला गाडी चालवता येत नाही हे तुमच्याइतकं पक्कं कुणालाच ठाऊक नाही. आमचं लग्न झाल्यावर तुम्ही मला तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या दोन्हीकडे ब्रेक असलेल्या गाडीत शिकवायला घेतलंत आणि तिसऱ्या दिवशी भाजीवाल्याच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर तुमच्या बाजूचा ब्रेक दाबून अगदी शांतपणे म्हणालात, "जावईबापू, तुम्ही शेजारी बसा. शेजारी बसायलाही माणूस लागतो." (भाजीवाला शांत नव्हता.) तेव्हापासून तुमची बहीण चालवायची आणि मी शेजारी बसायचो. शेजारच्या माणसाला कामं नसतात असं नाही. रस्ता लक्षात ठेवणे, तिचा चष्मा पुसून देणे, आणि चौकात गाडी थांबली की आपल्या बाजूला वाकून बघणे. ती विचारायची, "मोकळं?" मी बघून सांगायचो, "मोकळं." इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या शब्दावर तिने न तपासता ठेवलेला विश्वास तेवढाच, बाकी सगळं ती स्वतः एकदा बघून घ्यायची. माझा उजवा पाय मात्र तुमच्या स्कूलच्या गाडीतच राहिला. माझ्या बाजूला ब्रेक नाही हे त्याला कधी पटलंच नाही. समोर काही आलं की तो आपला दाबत राहायचा. त्यापायी पायाखालची रबरी मॅट भोक पडेपर्यंत झिजली. तिने ती दोनदा बदलली आणि दोन्ही वेळा मला दुकानात सोबत नेऊन दुकानदारासमोर कारण सांगितलं.

ती गेल्यावर चिरंजीवांनी तिची गाडी विकून टाकली. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चालवणारं कुणी नाही, बॅटरी उतरते, विमा भरत बसायचा. घेणारा आला आणि बाकी काही दोष सापडेना म्हणून त्याने त्या मॅटवर बोट ठेवलं. चिरंजीव म्हणाले, ते काही नाही, आमचे बाबा बसायचे तिथे. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो.

त्यानंतर घरात माझं मन रमवणाऱ्यांची ये-जा सुरू झाली. ताई, दुःखाचं एक बरं असतं, ते गप्प बसतं. मन रमवणारे गप्प बसत नाहीत. सूनबाईंनी मोठ्या माणसांसाठी असलेलं रंग भरायचं पुस्तक आणलं. (चाळीस पानं, सगळी फुलपाखरं. रेघेबाहेर रंग गेला की नातू ओरडतो.) बाजूच्या घरातले तपासनीस मला सकाळी बागेत हसायला घेऊन गेले. हे गृहस्थ हिशेबतपासणीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची तपासणी काही थांबलेली नाही. बागेत वीस-पंचवीस माणसं गोल करून मोठमोठ्याने हसत होती. कशाला हसायचं ते कुणी सांगेना, म्हणून मी जरा वेळ वाट पाहिली आणि धीर करून हसलो, तेव्हा बाकीचे सगळे थांबले होते. तपासनीस परत येताना म्हणाले, तुमची मनापासून इच्छा दिसत नाही.

एवढ्यात माझी दाढ दुखायला लागली. आमचे दंतवैद्य बोलके आहेत. तोंडात कापूस कोंबला की त्यांना कंठ फुटतो. त्या दिवशी त्यांनी त्यांच्याकडच्या जुन्या गाडीचा विषय काढला. वडिलांनी घेतलेली, सायीच्या रंगाची, चार दारांची, पुढची सीट बाकासारखी अखंड, अशी गाडी आता रस्त्यावर दिसत नाही, बायको विका म्हणून मागे लागलीय, पण कुणा ऐऱ्यागैऱ्याला द्यायची नाही, शांत माणूस हवा. एवढं सांगून त्यांनी विचारलं, तुम्ही बघता का? नेमकी त्याच वेळी कळ आली आणि माझी मान हलली. (त्या खुर्चीत शांत नसलेला माणूस त्यांनी कधी पाहिला असेल असं वाटत नाही.) घरी येऊन मी हे गंमत म्हणून सांगितलं. चिरंजीवांनी आधी कपाळाला हात लावला, मग सूनबाईंनी त्यांना आत नेलं, आणि बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बाबा, तुम्हाला पहिल्यांदाच काहीतरी हवंय. आपण नीट बघू." मला काही हवं होतं असं मी म्हटलंच नव्हतं. पण मी खुलासा करीपर्यंत समिती नेमली गेली होती.

समितीत चिरंजीव, तपासनीस आणि चिरंजीवांच्या ओळखीचा एक मेकॅनिक. रविवारी आम्ही दंतवैद्यांच्या घरी गेलो. गाडी अंगणात उभी होती. मला गाडीतलं कळत नाही, पण ती जुन्या काळच्या मोठ्या मुख्याध्यापिकेसारखी दिसत होती, एवढं लिहितो. समोर उभं राहिलं की शर्टाचं वरचं बटण लावावंसं वाटतं. मेकॅनिकने एकेका भागावर बोट ठेवून निकाल द्यायला सुरुवात केली. जो भाग बदललेला होता त्याला म्हणाला, हा ओरिजिनल नाही, म्हणजे गाडीची किंमत गेली. जो बदललेला नव्हता त्याला म्हणाला, हा ओरिजिनल आहे, म्हणजे हा गेलेला आहे. दाराखालचा गंज दिसल्यावर दंतवैद्यांनी तिथे नखाने हलकेच टकटक केली आणि म्हणाले, वरवर किडलंय, मुळाला धक्का नाही. चिरंजीवांनी मोबाइलवर एक तक्ता केला होता. त्यात फायद्याच्या रकान्यात "बाबा" एवढा एकच शब्द होता आणि तोट्याचा रकाना बोटाने वर सरकवत राहावं लागत होतं. तपासनिसांनी कागदपत्रं मागितली, ती पूर्ण निघाली, त्यामुळे त्यांचा संशय बळावला.

मग चक्कर मारायचं ठरलं. दंतवैद्य चालवायला, मी शेजारी, समिती मागे. (मेकॅनिकने खिडकीपाशी बसून मुद्दाम कान बाहेर ठेवला होता.) गाडी सुरू होताना दंतवैद्य म्हणाले, आता किंचित कळ लागल्यासारखं होईल, घाबरू नका. तसंच झालं. मागे तिघंही एकाच वेळी बोलत होते, मायलेज, सुटे भाग, भंगाराचा दर. पहिल्या चौकात गाडी थांबली. मी माझ्या बाजूला वाकून बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मोकळं." दंतवैद्यांनी विचारलं नव्हतं. पण त्यांनी मान डोलावली आणि गाडी पुढे घेतली, जसं काही हे रोजचंच आहे. ताई, मी गेले कित्येक महिने लोकांना खूप त्रास न देता राहतो आहे, पण कुणाच्या उपयोगी पडलो तो त्या दिवशी, त्या चौकात.

परत आल्यावर सगळे उतरले, मी सोडून. माझ्या बाजूचं दार आतून उघडेना. काच खाली करावी म्हटलं तर तिची मूठ हातात आली. हाका मारणं माझ्या स्वभावात नाही हे तुम्ही जाणताच, आणि मारल्या असत्या तरी ऐकतं कोण? बाहेर कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. आतून नुसते हातवारे दिसत होते, आवाज लांबून आल्यासारखा. चिरंजीव मोबाइल नाचवत होते, मेकॅनिकने "भंगार" म्हटलेलं असावं कारण दंतवैद्य त्याच्या तोंडात बघावं तसं बघत होते, आणि तपासनीस चाकामागे काहीतरी लपवलेलं शोधत होते. माझं मन रमवणारी माणसं माझ्यापासून हातभर अंतरावर, आणि मध्ये काच. इतकी शांतता मला बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. तुम्ही म्हणाल, सीट अखंड होती तर सरकून पलीकडच्या दाराने का नाही उतरलात? उतरता आलं असतं. पण तुमच्याकडच्या त्या तीन दिवसांनंतर चालवणाऱ्याच्या जागेवर मी कधी बसलो नाही, आणि तेव्हाही बसावंसं वाटलं नाही. म्हणून मी आपला खाली बघत बसलो, आणि खाली पायाशी रबरी मॅटला भोक होतं. बरोब्बर तिथेच.

बाहेर कुणालातरी माझं मत घ्यावं असं सुचलं, तेव्हा मी सापडेना. मग शोधाशोध. चिरंजीव घरात बघून आले, तपासनीस फाटकापर्यंत जाऊन आले, गाडीत कुणीच बघितलं नाही. शेवटी दंतवैद्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी सरळ येऊन बाहेरून दार उघडलं. म्हणाल्या, "मीही अशीच अडकून बसायचे. हे गप्पा मारत बाहेर उभे राहायचे. आत बरं असतं, नाही का?" मी मॅटकडे बोट दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ब्रेक मारतेय भाऊ. म्हणून तर गाडी अजून शाबूत आहे. यांना वाटतं, हे चालवतात!" दंतवैद्यांनी ते ऐकलं नाही. ते चिरंजीवांना इंजिन दाखवत होते.

आता तुमचा सल्ला. न घेण्याची कारणं अशी: मला चालवता येत नाही, ठेवायला छप्पर नाही, सुटे भाग मिळत नाहीत, एक दार चालत नाही, आणि समितीने दोन विरुद्ध एक असा निकाल दिला आहे. (एक मेकॅनिक. दुरुस्तीचं काम त्यालाच मिळायचं आहे.) चिरंजीवांचा तर प्रश्नच रास्त आहे. "बाबा, उभ्या गाडीत बसून तुम्ही करणार काय?" घेण्याचं कारण वर चौकाच्या ठिकाणी लिहिलं आहे, त्याहून जास्त मला नीट मांडता येत नाही. तुम्ही स्पष्ट बोलणाऱ्या आहात. नको म्हणालात तर मी त्यांना नाही म्हणून कळवीन आणि फुलपाखरं पुरी करीन.

गुडघ्याला जपावं. लेकीवर चिडू नये, ती काळजीपोटी सांगते.

आपला,
शेजारी बसणारा

ता. क. सल्ल्याची तितकी घाई नाही. परवा दंतवैद्यांचा फोन आला की एक हॉटेलवाला गाडी मागतोय, तिचं छत कापून आत गिऱ्हाइकांना बसवणार आहे. फोनवर तोंडात कापूस नसल्यामुळे मी स्पष्ट बोलू शकलो. गाडी सध्या आपल्या दारात उभी आहे.

ता. क. २. ती पोचवायला दंतवैद्य आणि त्यांच्या पत्नी आले होते. ते जाताना तीनदा मागे वळले. त्या एकदाही वळल्या नाहीत. चिरंजीव अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण काल संध्याकाळी फडकं घेऊन पुढची काच पुसताना दिसले. तपासनिसांनी पाहणी करून एकूण सतरा दोष लिहून दिले आहेत आणि पहिल्या फेरीला मागची खिडकी मागितली आहे.

ता. क. ३. तुमचं लायसन्स अजून चालू आहे, हे मी तुमच्या लेकीकडून विचारून घेतलं आहे, रागावू नये. तिलाच तुम्हाला इकडे आणून सोडायला सांगितलं आहे. मेकॅनिकने काचेची मूठ बसवून दिली, दाराचा भाग मात्र मिळत नाही म्हणतो, तेव्हा दर वेळी उतरून, वळसा घालून माझं दार तुम्हालाच उघडावं लागेल. डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं त्यात होऊन जाईल. माझ्या बाजूचं मी बघेन. नवी मॅट घेतलेली नाही.

ता. क. ४. अक्षर वेडंवाकडं आलं आहे, कारण हे सगळं मांडीवर वही धरून गाडीतच लिहितो आहे. दार अर्थातच लागलेलं आहे. थोड्या वेळाने पोस्टमन येईल, त्याला खिडकीतून पत्र देईन आणि दार उघडायला सांगेन. पलीकडच्या बाजूने सरकून उतरता येतं, पण ती जागा तुम्ही येईपर्यंत तशीच ठेवली आहे.