लिव्हरपूलची किल्ली

अमरावती, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १७८६

दादाने लिव्हरपूलला घेतलेल्या बंगल्याची किल्ली आज टपालाने आली. लोखंडी, वीतभर लांब. आपला कापूस जिथे उतरतो तिथे आपलं घर पाहिजे, हा त्याचा हट्ट. पण राहणार कोण? समुद्र ओलांडला की माणूस जातीबाहेर. तीन वर्षांपूर्वी मी विलायतेत डॉक्टरी शिकायला निघालो, तेव्हा हेच सांगून दादाने अडवलं. परत आलास तर उंबऱ्यात घेणार नाही, म्हणाला.

दलालाने पत्रात विचारलंय, मालक कधी येणार. घरात इंग्रजी मलाच येतं, म्हणून उत्तरही मीच लिहायचं.

"लिही, आमी येत नाही," दादा म्हणाला. "घर आमचं हाये, तेवढं पुरे."

वहिनी किल्लीला हात लावीना. "समुद्रापलीकडून आली, मी नाई शिवत इले."

दादाने लगेच भटजींना बोलावून विचारलं. त्यांनी गोमूत्राचे दोन थेंब शिंपडले आणि किल्ली देवघरात ठेवली. आरतीच्या वेळी तिच्यापुढे मीही हात जोडले. काय करणार?

वीतभर लोखंडाला दोन थेंब पुरले. मला किती लागले असते, हे तेव्हा भटजींना कोणी विचारलंसुद्धा नाही.