ह्यांच्या गॅरेजची घाण

२ मार्च, सोमवार

शी! चिरंजीवांनी मोबाइलवर कुणाचं तरी गॅरेज दाखवलं. मी करतेय तसंच, खऱ्यापेक्षा चोवीस पट लहान. "आई बघ, किती हुबेहूब!"

हुबेहूब कसलं डोंबल! गाडीला गंज चढवलाय तो सगळीकडे सारखा, तोंडाला पावडर थापावी तसा. अरे बाबा, गंज असा येतो का? पाणी साचतं तिथं येतो. दाराच्या खालच्या कडेला, चाकावरच्या कमानीत, डिकीच्या रबराखाली. छपरावर मधोमध कशाला येईल? पाहुणा आहे का तो, खुर्ची टाकून बसायला?

माझा गंज मिठाचा. आधी तपकिरी रंग. तो वाळला की ओलं बोट फिरवायचं, मीठ भुरभुरायचं, वरून गाडीचा रंग मारायचा. सुकल्यावर नखानं मीठ खरवडलं की खालचा गंज बरोबर डोळे उघडतो. सातवी शिकलेल्या बाईला एवढं कळतं. जन्मभर मीठच तर टाकलं!

पंधरा तारखेला मेकॅनिक संघटनेच्या नव्या हॉलचं उद्घाटन. माझं गॅरेज तिथं काचेच्या पेटीत बसणार, कायमचं. खरं गॅरेज पाडून गाद्यांचं दुकान झालं. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता ते गॅरेज जगात एकाच जागी आहे – माझ्या शिवणयंत्राच्या टेबलावर. दोन वर्षं खपलेय त्याच्यावर. चूक होऊन चालणार नाही.

४ मार्च, बुधवार

संघटनेचे अध्यक्ष येऊन गेले. मी त्यांना घरात 'हॉर्न' म्हणते. रस्ता मोकळा असला तरी वाजतात.

कमरेत वाकून बघत होते. पावडरच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेले पाने बघितले. औषधाच्या पाकिटाच्या चांदीचा आरसा बघितला. खऱ्या गॅरेजात चार वर्षं बॉनेट उघडं टाकून उभी असायची ती मास्तरांची गाडी बघून तर "अरे, ही!" म्हणून ओरडलेच. मग घसा खाकरला.

"वहिनी, काम लाजवाब. फक्त... ती सिगारेटची थोटकं. सत्तावीस मोजली मी."

"कमी पडली का?"

"तसं नव्हे. आणि हवेच्या टाकीमागं ती बाटली... लोक येणार, नव्या पोरांपुढं आदर्श..."

"बाटली कोण आणायचं भाऊजी, आठवतंय का तुम्हाला?"

कानाच्या पाळ्या लाल! चहा अर्धा टाकून गेले.

हेच महाशय शोकसभेत माइक धरून म्हणाले होते, "निर्व्यसनी, मितभाषी, देवमाणूस." मितभाषी! नट जाम झाला की ह्यांच्या तोंडातून जे निघायचं ते ऐकून रस्त्यावरची बाई मुलाचे कान झाकायची. जिवंतपणी माणसाला कुणी पुसत नाही, आणि मेला की सगळे फडकं घेऊन धावतात. घासून घासून असा गुळगुळीत करतात की बायकोला ओळखू येऊ नये!

म्हणून तर ही घाण करतेय. एकूण एक डाग जिथल्या तिथं.

८ मार्च, रविवार

बेसिनवरची पाच बोटं जमली एकदाची! टाचणीच्या टोकानं, भिंगाखाली. हात धुवायच्या आधी हे भिंतीला पुसायचे. त्यावरून तीस वर्षं भांडले. आणि आता तोच डाग उमटवायला चार दिवस मान मोडून बसले. कुठं असतील तिथं दात काढत असतील.

१० मार्च, मंगळवार

फक्त वार्निशचा फवारा राहिला. तो बसला की काजळी, धूळ, गंज सगळं धरून ठेवतो. तोवर सगळं नुसतं टेकलेलं – फुंकर मारली तरी उडेल. आज हवा दमट. अशा हवेत मारला तर पांढरं बुरशीसारखं धरतं. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडून आले की मारते.

११ मार्च, बुधवार

लिहिवत नाही.

१२ मार्च, गुरुवार

लिहिते. नाहीतर कुणाच्या तरी अंगावर जाईन.

काल डोळ्यांत थेंब घातलेले, दुपारी घरी आले तर सगळं धूसर. वन्सं खिडकीपाशी बसलेल्या. ह्यांची थोरली बहीण, मागच्या गल्लीत राहते, आमच्या घराची किल्ली असते त्यांच्याकडे. समोर वाटीत साबणाचं पाणी, कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणि जुना टूथब्रश. तोंडावर अशी शांती!

"ये गं. तुला दाखवायचं म्हणून थांबले. तीन तास लागले."

वन्संचं धुणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. हात धुवायच्या आधी नळ धुतात. साबणाची वडी विसळून ठेवतात! मी चाळीस वर्षं त्यावरून चिडवलं त्यांना. पण हे –

फरशी पांढरीफटक. भिंती चकचकीत. पाने मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं, शाळेच्या कवायतीसारखे. टायरांचा कललेला ढीग सरळ करून वर गोंद! मास्तरांच्या गाडीचं बॉनेट बंद. सत्तावीस थोटकं चिमट्यानं उचलून कागदात बांधून कचऱ्यात. बाटलीही. बेसिनवर पाच बोटं होती तिथं नुसती भिंत.

मी मोरीत जाऊन चूळ भरून आले. दुकानात खोक्यातून काढलेलं खेळणं असतं ना, तसं दिसत होतं. तिथं कधी कुणी एक नटसुद्धा पिळला नसेल असं.

"वन्सं, काय केलंत हे?"

"अगं, रविवारी एवढी माणसं येणार. त्याची जागा अशी घाणेरडी बघतील? तुला वेळ मिळाला नसेल पुसायला, म्हटलं..."

पुसायला वेळ मिळाला नसेल! हसावं का भिंतीवर डोकं आपटावं?

मग मी बोलले. नको ते बोलले. म्हणाले, "तुम्हाला त्यांची किळसच होती कायम. कामावरून आले की तुम्ही पायपुसण्याच्या अलीकडंच उभं करायचात. जिवंत माणूस धुऊन झाला नाही, आता मेलेला धुताय!"

वन्संनी टूथब्रश झटकून बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "सात वर्षांचा होता आई गेली तेव्हा. तेव्हापासून मीच घासलाय त्याला. किळस म्हणे!" काड्या गोळा केल्या. वाटी धुतली – तेव्हासुद्धा धुतली! – पालथी घातली. आणि किल्ली टेबलावर ठेवून गेल्या.

किल्ली अजून तिथंच आहे. बघितली की स्वतःचीच शिसारी येते.

१२ मार्च, संध्याकाळ

हॉर्न वाजून गेले. गॅरेज बघून टाळीच वाजवली. "आता कसं शोभतंय! हे असंच आणा वहिनी, हात लावू नका. रविवारी सकाळी आठला गाडी पाठवतो."

"शोभतंय ना? मग गाद्यावाल्यालाच द्या, त्याच्या दुकानात ठेवेल."

हसले. त्यांना वाटलं चेष्टा.

१३ मार्च, शुक्रवार

पहाटेपासून बसलेय. दोन वर्षांची घाण दोन दिवसांत करायची! चिरंजीव म्हणाले, "आई, राहू दे ना आता. लोकांना थोडंच कळणार आहे?" लोकांना नाहीच कळणार. म्हणून काय त्यांना ह्यांच्या नावानं कुणाचं तरी गॅरेज दाखवू?

सूनबाई शेजारी बसली आणि दात कोरायच्या काड्यांची टोकं कापायला लागली. "आई, थोटकं किती?" "सत्तावीस." "तीस करूया, हॉर्नकाकांना परत मोजू देत." पोरगी माझ्या तालमीत तयार झालीय!

बॉनेट उघडलं. टायर पाडले. गंज जमला, मीठ आपल्या गुणावर गेलं. बेसिनवर तीनच बोटं जमली. असू दे, घाईत असतील त्या दिवशी.

फरशी मात्र येत नाही. काळा रंग मारला – डांबर दिसतं. शाई पातळ करून ओतली – शाई सांडल्यासारखी दिसते. तव्याची काजळी तेलात कालवून लावली – ती तर नुसती चकाकते, नवऱ्या मुलाच्या केसांसारखी! पहिल्या वेळी दीड वर्षात थर थर चढवला होता. ते काळं रंगाचं नसतंच मुळी. जळकं ऑइल, लोखंडाचा कीस, धूळ, घाम, तीस वर्षं पाय ओढत चालणं, सगळं मिळून ते काळं होतं. ते बाटलीत कुठून मिळणार?

चारदा पुसली. चौथ्यांदा पुसताना लक्षात आलं – फडकं वन्संसारखंच धरलं होतं मी.

सूनबाईला म्हटलं, जा, त्यांच्याकडे किल्ली देऊन ये. तिनं विचारलं, काय सांगू? म्हटलं, काही नको. सांग, फरशीचं काळं जमत नाहीये.

१४ मार्च, शनिवार

वन्सं आल्या. बसल्या नाहीत. हातात प्लास्टिकची पिशवी, तिला तीन गाठी.

"रॉकेलात बुडवून पीळ. हवं तेवढं काळं निघेल."

आत ह्यांची डांगरी. कामावर घालायची. गॅरेजात कोसळले तेव्हा अंगावर होती ती. हॉस्पिटलातून कपडे वन्संनीच नेले होते. मी धरूनच चालले होते की त्याच दिवशी उकळून काढली असणार. तीन वर्षं – न धुता! त्यांच्या कपाटात, त्यांच्या पांढऱ्या साड्यांखाली!

"धुवायला काढली होती गं," म्हणाल्या. "बादली भरली. चारदा भरली, चारदा ओतून दिली."

मी नाक खुपसलं. जुनं ऑइल, सिगारेट, घाम. शी! काय तो वास!

पिशवी त्यांच्यापुढे धरली. त्यांनीही वाकून घेतला. "शी गं बाई!" म्हणाल्या. आणि परत वाकल्या.