तुळशीजवळची सळई

प्रिय प्रवीण,

हे हाताने लिहून त्याचा फोटो पाठवतेय. फोन केला असता, पण तू लगेच "ताई, व्हिडिओ लाव, मी सांगतो तसं कर" म्हणाला असतास, आणि आईचे कान माझ्या फोनलाच लागलेले असतात. शेलूला घरी सांगून आले की माहेरी आठवडाभर आराम करते. आराम कसला, जीव मुठीत धरून बसलेय.

तुझा गीझर झकास पाणी तापवतो. आई गल्लीत ज्याला त्याला सांगते, "आमच्या पव्यानं येकट्यानं बसवला, वायरमन नाय लागला." शाळेत असताना तू गणपतीची विझलेली माळ पेटवलीस, तेव्हा तिने तुझी दृष्ट काढली होती. आता तर तू भरूचच्या कारखान्यात मोठाली यंत्रं सांभाळतोस, मग घरातल्या चार वायरींसाठी माणूस कशाला, हे मलाही पटलं होतं. त्याच्या अर्थिंगची सळई तू तुळशीवृंदावनाला लागून ठोकलीस, तेव्हा मला तुझं कौतुकच वाटलं. ओली माती लागते म्हणालास, आणि आपल्या अंगणात बारा महिने ओली माती तेवढीच.

ती ओली का असते, हे मात्र आपल्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आई अंघोळ करून अनवाणी तिथे जाते आणि तुळशीला तांब्या ओतते. गीझर तेव्हा चालूच असतो.

नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, एवढंच मी तुला फोनवर म्हणाले. तू म्हणालास, बाहेरच्याला हात लावू देऊ नकोस, दिवाळीला आलो की बघतो. मला राग आला, आणि मी शिळफाट्याहून किशोर वायरमनला बोलावलं. गीझरमध्ये बिघाड आहे आणि करंट थेट त्या सळईत उतरतोय, असं तो म्हणाला. तो पिशवी उघडणार, तेवढ्यात आईने त्याला चहा पाजून वाटेला लावलं. "माझ्या पोराचं काम हाय ते. तो आल्यावर करंल. तुमी हात लावू नका." मग मला म्हणाली, "वायरमन घरात दिसला तर लोक म्हणतील पव्याला जमलं नाय." मी भांडले, रडलेसुद्धा. ती ढिम्म. मी गीझरचं बटण बंद करते, ती चालू करते.

आईने तुझ्या गळ्याची शपथ घातलीय, ती मोडून आता खरं सांगते. झिणझिण्या नव्हत्या रे. रविवारी तांब्या सळईला टेकला आणि आई अंगणात फेकली गेली. तांब्या हातातून सुटला म्हणून वाचली. डॉक्टरांनी तपासलं, आता बरी आहे. डोळे उघडल्यावर पहिलं काय म्हणाली असेल, तर "पव्याला सांगू नको गं, त्याला वाईट वाटंल." तेव्हापासून ती अंघोळीहून बाहेर आली की मी धावत जाऊन मेन स्विच पाडते. माझ्या आरोहीची शाळेत परीक्षा आहे, उद्या संध्याकाळी मला शेलूला परतावंच लागेल, आणि आई माझ्याबरोबर यायला तयार नाही. आजच तिला फोन कर, आणि किशोरला तूच बोलावलंयस असं सांग. माझं ती ऐकत नाही, तुझंच ऐकेल. परवा सकाळी ती तांब्या घेऊन अंगणात उतरेल, तेव्हा स्विच पाडायला घरात कोणी नसेल.

तुझीच,
सुरभीताई