गरम पिन

दिग्रस, ४ जून १९६३, मंगळवार
ट्रेनिंग कॉलेजचं पत्र आलं. १ जुलैला यवतमाळला हजर व्हायचं. बाबांना वाचून दाखवलं. "बरं झालं," म्हणाले आणि लोखंड कातायच्या लेथकडे वळले. त्यांच्या मोतीबिंदूचं दोघंही बोललो नाही. गिऱ्हाइकांना ठाऊक नाही. मी गेले तर मापं कोण घेणार?

७ जून, शुक्र.
घाटंजीच्या डॉ.ची मोटार. पुढची चाकं ज्या पिनांवर वळतात त्या झिजल्या होत्या. बाबांनी नव्या कातल्या. ड्रायव्हर गुलाबभाऊ लेथला टेकून उभे. नेहमीसारखं बाबा म्हणाले, "कुसुम, पुसून आण." मी आत नेऊन मायक्रोमीटरनं जाडी मोजते, पिन फडक्यातून परत देताना बाबांच्या तळहातावर बोट दाबते. एकदा दाबलं की एक थाउ जास्त. (इंचाचा हजारावा भाग. मला पाढ्यांच्या आधी हाच शिकवला.) दुसऱ्या पिनेच्या वेळी गु.भाऊ बाबांना म्हणाले, "माप कुठं घेता हो? मलेही दाखवा." बाबा अडकू नयेत म्हणून मी घाईनं बाहेर आले. दाबलं नाही, म्हणजे बरोबर. बाबा म्हणाले, "झालं. बसवा."

८ जून
ती दुसरी पिन गरम होती. फडक्यातूनही चटका बसत होता. कातलेली वस्तू रांजणापाशी ओल्या गोणपाटावर निवू द्यायची, मगच मोजायची. गरम लोखंड फुगतं. निवल्यावर ती बारीक झाली असणार, चाक हलेल. डॉ. त्याच मोटारीतून खेडोपाडी जातात.


१० जून, सोम.
बाबांना सांगितलं.
"मले मालूम हाये."
"कसं?"
"हाताले लागली ना."
मग बसवायला दिली काहून, हे विचारलं नाही. मी तरी कशासाठी धावत आले होते?
डॉ.ना कार्ड लिहिलं, मोटार परत धाडा म्हणून. कारण लिहिलं नाही. खाली बाबांचं नाव. "टाक," म्हणाले.

१५ जून, शनि.
मोटार आली. गु.भाऊ कुरकुरत, "कायले बोलावलं? चाल तं मस्त हाये."
दोन्ही पिना काढल्या, निवू दिल्या, मोजल्या. बाबांच्या हातात द्यायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला.
"मोठ्यानं सांग."
"पहिली बरोबर. दुसरी एक थाउ कमी."
"दोन सालांपासून हीच मोजते," बाबा म्हणाले. "मले दिसत नाही."
गु.भाऊ हसायलाच लागले. "म्हंजे बाई, दोन साल तुमच्या भरवशावर फिरून राह्यलो मी!" आणि लगेच, "डॉ.साहेबांच्या भावाचीही गाडी आहे. पुढच्या महिन्यात आणतो. मोजाले तुम्ही राहाल ना?"
बाबांनी लेथ चालू केला.
नवी पिन आता गोणपाटावर आहे. हात लावून पाहिला, अजून कोमट. निवेपर्यंत हे लिहिते आहे. गु.भाऊ ओट्यावर बसलेत. दोनदा विचारून झालं त्यांचं, "राहाल ना? सांगा ना बाई."
"निवू द्या आधी," म्हटलं.
१ जुलैला अजून सोळा दिवस आहेत.