पत्र्यावर कोणाला चढू देऊ नका

सोलापूर,
मंगळवार, दुपार

तीर्थरूप दाजींच्या पायी युवराजचा दंडवत.

पत्राच्या सुरुवातीला आमच्याकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, तेव्हा ते लिहून टाकतो आणि मोकळा होतो. तुमचा गुडघा कसा आहे? म्हशीने दूध चोरायचं सोडलं का? वैष्णवीचे बारावीचे पेपर बरे गेले असतील. वैजूताईला खोकला वगैरे नाही ना? दाजी, हा शेवटचा प्रश्न मी रीत म्हणून विचारलेला नाही. खोकला असेल तर किती दिवसांचा, कोरडा की कफाचा, शिडी चढताना धाप लागते का, हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा. तुम्हाला असेल तर तुमचंही लिहा. घाबरायचं काही कारण नाही. (मी घाबरलेलो आहे, पण मी झुरळालाही घाबरतो हे तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा ते मनावर घेऊ नका.)

मुख्य गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढे मी कुठे भरकटेन याचा भरवसा नाही. परवा ताई फोनवर म्हणाली की येत्या रविवारी सोलरवाला येऊन स्वयंपाकघराच्या आणि पडवीच्या पत्र्यावर पॅनल बसवणार आहे. त्याला शिडीच्या पहिल्या पायरीवरही पाय ठेवू देऊ नका. चहा पाजा, जेवू घाला, वाटलं तर दोन दिवस पाहुणा म्हणून ठेवून घ्या, पण पत्र्याला ड्रिल लावू देऊ नका. दुसरं, पाडवा आठवड्यावर आला आहे. वाळवणं घालायच्या आधी ताई दरवर्षी तारेच्या ब्रशने पत्रा घासते. तो ब्रश आजच्या आज लपवा. विहिरीत टाकलात तरी चालेल.

हे फोनवर का सांगितलं नाही असं तुम्ही म्हणाल. तीनदा फोन केला. तिन्ही वेळा ताईने उचलला, आणि तिचा आवाज ऐकला की माझी जीभच उचलत नाही. पहिल्यांदा कांद्याचा भाव विचारून ठेवून दिला. दुसऱ्यांदाही कांद्याचा भाव विचारला. तिसऱ्यांदा तीच म्हणाली, "आरं, तू काय कांद्याचा व्यापार सुरू केलास व्हय?" व्हॉट्सॲपवर टाकावं तर वैष्णवी आधी वाचते आणि मग साऱ्या गल्लीला ऐकवते. म्हणून हे पत्र, फक्त तुमच्या एकट्यासाठी, बंद पाकिटात, ईरप्पाच्या हाती पाठवतोय. (ईरप्पा म्हणजे आमच्या मेंटेनन्सचा वायरमन, सुतार, प्लंबर, म्हणाल ते. अक्कलकोटकडचा माणूस, घाबरला की कानडीत बोलतो. हल्ली बरंच कानडी बोलतो.)

तर झालं असं. आमच्या संस्थेच्या कॉलेजवर 'भीमातीर अभिमत विद्यापीठ' अशी पाटी लागून सात वर्षं झाली. पाटी बदलली, लेटरहेड बदललं, प्राचार्यांचे कुलगुरू झाले, डोक्यावरचे सिमेंटचे पत्रे मात्र होते तेच राहिले. या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस नावाचा दगडाचा धागा घातलेला असतो, हे मेंटेनन्समध्ये चोवीस वर्षं काढूनही मला माहीत नव्हतं. डिसेंबरात व्यवस्थापनाचं पत्र आलं की कुठल्या इमारतीत ॲस्बेस्टॉस आहे त्याची नोंद करा आणि त्यासाठी एक जबाबदार माणूस नेमा. मीटिंग चालू होती तेव्हा मी खाली चहा प्यायला गेलो होतो. वर आलो तोवर मी जबाबदार झालेलो होतो.

मग पुण्याहून एक बाई आम्हाला शिकवायला आल्या. बोलणं इतकं मऊ की ऐकत राहावं, आणि त्या मऊ आवाजात त्यांनी जे सांगितलं त्याने मी दोन दिवस जेवलो नाही. (दुसऱ्या दिवशी शेंगापोळी होती, तरीही.) त्या म्हणाल्या, पत्रा अखंड आहे, जागच्या जागी आहे, तोवर तो फारसा कोणाच्या वाटेला जात नाही. पण कापला, फोडला, घासला किंवा त्याला भोक पाडलं की त्यातले धागे सुटतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत. फुप्फुसात जाऊन बसतात, आणि वीस-तीस वर्षांनी, माणूस सगळं विसरून गेलेला असताना, दुखणं होऊन वर येतात. मी विचारलं, रुमाल बांधला तर? बाई हसल्या. दाजी, त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रुमालाचा काही उपयोग नाही, वेगळा मास्क लागतो, आणि अंगावरचे कपडेसुद्धा घरी नेऊन झटकायचे नाहीत. त्या दिवसापासून मी सदरा दारातच काढून मग घरात शिरतो. शेजारणीने आमच्या मालतीला हळूच विचारलं की भावजींचं काही बिनसलंय का.

नियम तसा सोपा होता. कुठे आहे ते शोधा, लिहून ठेवा, लोकांना सांगा आणि हात लावू नका. 'काही करू नका' असा आदेश आमच्याकडे पहिल्यांदाच निघाला, आणि नेमका तोच कोणाला पाळता येईना. ज्यांनी वीस वर्षांत खुर्चीतून उठून स्वतः पंखा लावला नाही, ते काठ्या घेऊन छताला ठोकत विचारू लागले, हाच का तो? रसायनशास्त्राच्या देवदत्त सरांनी तर प्रयोगशाळेतल्या जुन्या ॲस्बेस्टॉसच्या जाळ्या (बर्नरवर चंचुपात्राखाली ठेवतात त्या) कापडी पिशवीत भरून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आणि वर चिठ्ठी लावली, 'सस्नेह सुपूर्द'. पिशवी बाईंच्या माणसांनी रीतसर नेली, टेबल पुसलं, खोली तपासली, पण मी अजून तिकडे गेलेलो नाही. जिन्याखाली बसतो.

सूचनांचे स्टिकर लावले तर खरखरीत पत्र्यावर चिकटेनात, पंखा लावला की मुलांच्या डोक्यावर गळायचे. तेव्हा मी स्वतःची अक्कल चालवली. एका पेंटरकडून टिनाच्या शेहेचाळीस पाट्या रंगवून घेतल्या: 'सावधान. येथे ॲस्बेस्टॉस आहे. छिद्र पाडू नये.' पेंटरने चारी कोपऱ्यांना चार भोकं व्यवस्थित ठेवून दिली. पाट्या मी ईरप्पाच्या हवाली केल्या, लावून घे म्हणालो, आणि दाढी करायला गेलो. तासाभराने परत येतो तर व्हरांड्यात ड्रिलचा आवाज. छिद्र पाडू नये हे सांगणाऱ्या प्रत्येक पाटीसाठी चार, या हिशेबाने एकोणीस पाट्या लागल्या होत्या आणि शहात्तर छिद्रं पडली होती. ईरप्पाच्या भुवया पांढऱ्या झालेल्या, आणि चेहऱ्यावर काम वेळेत उरकल्याचं समाधान. मी ओरडलो तर म्हणाला, "साहेब, पाटी वाचायचं काम मला सांगितलं न्हाय, लावायचं सांगितलं की."

मी पळालो. खोटं कशाला लिहू, ईरप्पाला तिथेच शिडीवर सोडून मी पळालो आणि मैदानाच्या पार टोकाला जाऊन बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, पंखे बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, झाडू मारू नका, दारं बंद करून कुलूप लावा. हे सगळं करायचं तर पुन्हा आत जायला हवं होतं. दाजी, मी गेलो. तोंडाला ओला टॉवेल बांधला (सोलापुरी, जाड, तरी निरुपयोगीच), पंखे बंद केले, पोरांना बाहेर काढलं, आणि सफाईच्या तानाबाई झाडू घेऊन येत होत्या त्यांच्यापुढे आडवा झालो. पुढे चार दिवस पांढरे कपडे आणि मास्क घातलेली माणसं येऊन ओल्या फडक्यांनी पुसत होती. छिद्रं बुजवली, पूड दुहेरी पिशव्यांत बांधून नेली. ईरप्पाच्या छातीचा फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, एका दिवसात असं काही कळत नसतं, दरवर्षी येऊन दाखवत जा. हे 'दरवर्षी' ऐकल्यापासून ईरप्पा माझ्याकडे जसा बघतो ते मला सोसत नाही.

यातून सुटलो असं वाटेपर्यंत बाईंनी ॲस्बेस्टॉसच्या नोंदीची वही उघडली. आजवर जिथले पत्रे उतरवले ते गेले कुठे, हा त्यांचा प्रश्न. जुन्या फिजिक्सच्या लॅबवर बारा वर्षांपूर्वी स्लॅब टाकला, तेव्हा चोवीस पत्रे उतरले होते. मी रकान्यात 'निर्लेखित' (म्हणजे हिशेबातून काढून टाकलेले) असं लिहिलं. बाई त्याच मऊ आवाजात म्हणाल्या, "निर्लेखित हा काही पत्ता नाही. ते पत्रे आज कोणाच्या तरी डोक्यावर असतीलच ना?" आता योगायोग बघा, ताईच्या वास्तुशांतीला मी आहेर म्हणून पत्रे आणले तेही चोवीसच होते. तुम्हाला आठवत असेल, टेम्पोला हार घातला होता. ताईने डोळ्याला पदर लावला आणि येईल त्या बाईला हात धरून बाहेर नेऊन छप्पर दाखवलं. पुढे तुम्ही स्लॅब टाकायचं काढलंत तर तीच आडवी आली, "माज्या भावाचं छप्पर हाय, त्याला हात लावायचा न्हाय." दरवर्षी त्याच पडवीवर वाळवलेल्या कुरडयांचा डबा आम्हाला येतो. (या वर्षीचा पाठवू नका. मालतीला गोड-तेलकट बंद सांगितलंय.) पण ते पत्रे दुकानातले, नवेकोरे, उत्तम कंपनीचे, त्यांचा नि लॅबच्या पत्र्यांचा काही संबंध नाही. तरी सिमेंटचा पत्रा तो सिमेंटचा पत्रा, म्हणून सोलरवाल्याला थांबवा आणि ब्रश लपवा, एवढंच माझं म्हणणं.

ताईला नमस्कार सांगा, वैष्णवीला आशीर्वाद. तुमच्या गुडघ्याला उतार पडो.

तुमचा मेहुणा,
युवराज

ता.क. योगायोगाचं वाक्य खोडणार होतो, पण खाडाखोड दिसली की तुम्हाला संशय येतो. दाजी, ते पत्रे नवे नव्हते. ते लॅबवरचेच. मागच्या अंगणात पडले होते, साहेब म्हणाले हे उचला कुठेतरी, आणि वास्तुशांती चार दिवसांवर आली होती. ईरप्पाने तारेच्या ब्रशने घासले, वर चांदीचा रंग मारला. मी लांब उभा होतो, कारण धुळीने मला शिंका येतात. तेव्हा कोणालाच काही माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण मी लांब उभा होतो, हेही खरं आहे.

ता.क. दुसरा. आता खरी विनंती. वहीत मी तुमचा पत्ता लिहिला आणि खाली सही केली. शुक्रवारी शिकलेली माणसं येतील, पत्रे पाण्याने भिजवून एकेक अखंड उतरवतील, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेतील. म्हणजे रविवारी सोलरवाल्याला चढायला पत्राच उरणार नाही. फक्त ताईला कारण सांगू नका. तुम्हीच हट्ट धरा, मला आता स्लॅबच पाहिजे म्हणा, दोन दिवस जेवू नका. भावाने बहिणीला दिलेलं परत नेलं यापेक्षा नवऱ्याने हट्ट केला हे बरं. ती तुमच्यावर रागावेल, त्याची तुम्हाला सवय आहे. माझ्यावर ती जन्मात एकदाही रागावलेली नाही, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते.

ता.क. तिसरा. पाकिटाला डिंक लावताना लक्षात आलं की दाजींचा चष्मा पोळ्याच्या दिवशी म्हशीच्या पायाखाली गेला तो त्यांनी अजून नवा केलेला नाही, आणि घरात आलेला प्रत्येक कागद, लाइटबिलापासून लग्नपत्रिकेपर्यंत, तूच मोठ्याने वाचून दाखवतेस. म्हणजे ताई, हे सगळं आत्ता तू वाचलंस. कांद्याच्या भावाला हसलीसही असशील. दुसरं पत्र लिहायला घेतलं असतं, पण ईरप्पा खाली हॉर्न वाजवतोय, आणि खरं सांगतो, पुन्हा लिहिलं असतं तर पुन्हा खोटं लिहिलं असतं. ताई, तू बारा वर्षं जे घासूनपुसून ठेवलंस ते मी टाकाऊतून उचलून आणलं होतं. प्रत्येक वर्षी ब्रश घेऊन तू शिडीवर चढलीस ती माझ्यामुळे. खोकला येत असेल तर मला वाईट वाटेल म्हणून लपवू नकोस. तुम्हा तिघांनाही मी छातीच्या डॉक्टरकडे नेणार आहे, आणि दरवर्षी नेणार आहे. शुक्रवारी माणसं येतील तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असतील, तोंडाला मास्क असतील, तुला कोणी ओळखू येणार नाही. सगळ्यांच्या मागे जो उभा असेल आणि पुढे यायला घाबरत असेल, तो मी.